पहिल्या खर्ड्यापासून छपाईपर्यंत: कादंबरी दुरुस्त कशी होते

कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झाला की बहुतेक नवे लेखक पान १ उघडतात आणि पहिल्या वाक्यापासून शब्द बदलायला लागतात. दोन-तीन महिने हे काम चालतं. वाक्यं गुळगुळीत होतात, कादंबरी मात्र जिथे अडखळत होती तिथेच अडखळत राहते. कारण बिघाड वाक्यांत नव्हताच. तो प्रसंगांच्या क्रमात होता, निवेदकाच्या निवडीत होता, किंवा एक महत्त्वाचं पात्र शंभर पानं गायब होतं. शिवाय एखाद्या प्रकरणावर अशी मेहनत घेतली की ते काढून टाकवत नाही. ज्याची गरजच नाही ते प्रकरण आता सुंदर झालेलं असतं, आणि सुंदर झालं म्हणून पुस्तकात राहतं.

म्हणून दुरुस्ती मोठ्याकडून लहानाकडे करतात. आधी रचना, मग प्रसंग, मग वाक्य आणि सगळ्यात शेवटी अक्षर. प्रत्येक फेरीत एकाच प्रकारच्या चुका शोधायच्या, बाकीच्या दिसल्या तरी पुढे जायचं.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कादंबरी सोबत ठेवू. वडील गेल्यानंतर धाकटी बहीण जुनं घर विकायला येते. तिथेच राहणारा थोरला भाऊ घर विकायला तयार नाही. लांबी ८० हजार शब्द.

पहिला खर्डा

रोज ५०० शब्द, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे आठवड्याला अडीच हजार. या चालीने ८० हजार शब्दांना ३२ आठवडे लागतात, जवळपास साडेसात महिने. ५०० शब्द ही मजल लहान वाटते, पण खाडे टाळले तर तेवढी पुरते. एका दिवसात तीन हजार शब्द लिहून पुढचे दहा दिवस वही न उघडणाऱ्याचा धागा प्रत्येक वेळी तुटतो, आणि तो पुन्हा पकडण्यातच पुढचे दोन दिवस जातात.

रोज मागचं सगळं वाचू नये. कालचं शेवटचं पान वाचून पुढे लिहायचं. माहिती अडली, उदाहरणार्थ वारसनोंद कशी होते हे ठाऊक नाही, तर चौकोनी कंसात ‘तपासा’ एवढंच लिहून पुढे सरकायचं. नंतर सगळे ‘तपासा’ शोधसुविधेने एका बैठकीत गोळा करता येतात. पंधरा हजार शब्द झाल्यावर वाटलं की भावाला मुलगा नको, मुलगी हवी, तर मागची प्रकरणं उघडायची नाहीत. वहीत ‘प्रकरण १ ते ७: मुलगी करणे’ अशी नोंद करायची आणि आठव्या प्रकरणापासून ती मुलगीच आहे असं धरून लिहायचं. पहिल्या खर्ड्यात अशा विसंगती राहणारच. पुढे मत आणखी दोनदा बदलू शकतं, आणि मागे जाऊन केलेली प्रत्येक दुरुस्ती त्या वेळी वाया जाते.

अडण्याची एक ठरलेली जागा असते: साधारण ३० ते ४० हजार शब्दांच्या दरम्यान. सुरुवातीला मांडलेले प्रश्न वापरून झालेले असतात आणि शेवटाची ओढ अजून लागलेली नसते. इथे पुष्कळ कादंबऱ्या कायमच्या थांबतात, आणि लेखकाला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे. खरं तर दुखणं बहुधा कथेत असतं आणि ते शोधता येतं. प्रत्येक मुख्य पात्रासाठी एकेक ओळ लिहा: त्याला या क्षणी काय हवं आहे आणि आडवं कोण येतं आहे. बऱ्याचदा असं दिसतं की एखाद्याला काहीच नको आहे. आपल्या उदाहरणात भाऊ नुसता ‘नाही’ म्हणत बसलेला असेल, तर गाडी तिथेच रुतली आहे. त्याला त्या घरात नेमकं काय करायचं आहे हे ठरलं की तो स्वतः पावलं उचलायला लागतो. दुसरा उपाय म्हणजे शेवटचा प्रसंग आत्ताच ओबडधोबड लिहून टाकणं. तो पुढे बदलेल, पण कुठल्या दिशेला चालायचं ते कळतं.

आधी आराखडा करून लिहावं की लिहिता लिहिता कथा शोधावी, यावर वाद खूप होतात. दोन्ही रीती चालतात. आराखडा करणाऱ्याचा वेळ आधी जातो, शोधत लिहिणाऱ्याचा नंतर. शोधत लिहिलेल्या खर्ड्याची रचना दुसऱ्या फेरीत बरीच मोडावी लागते, हे धरूनच चालावं.

मधली विश्रांती

खर्डा झाला की किमान ४, जमल्यास ६ आठवडे तो बाजूला ठेवायचा. लिहून नुकतंच संपवलेलं असताना कागदावर नसलेल्या गोष्टीही लेखकाला दिसत राहतात. भावाचा चेहरा, घराची मांडणी, बारा वर्षांपूर्वीचं भांडण हे सगळं त्याच्या डोक्यात आहे, त्यामुळे ते लिहिलेलंच आहे असं त्याला वाटतं. आठवण जराशी पुसट झाली की पानावरचं तेवढंच उरतं.

या काळात एक कंटाळवाणं पण जरुरीचं काम उरकून घ्यावं. मजकुराची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर आणि एक इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवावी. फाइलच्या नावात तारीख घालावी. ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘खरंच अंतिम’ अशा नावांमुळे चुकीच्या प्रतीवर आठवडाभर काम झाल्याचं चार महिन्यांनी कळतं.

वाचन आणि तक्ता

पूर्ण मजकूर छापून घ्या. पानाला ३०० शब्द धरले तर २७० पानं होतील. दोन-तीन दिवसांत, शक्यतो लागोपाठ वाचा. ७-८ तासांचं काम आहे. हातात पेन्सिल ठेवा, पण दुरुस्ती करू नका. समासात फक्त चार खुणा: चांगलं वाटलं तिथे बरोबरची खूण, समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, कंटाळा आला तिथे आडवी रेघ, पटलं नाही तिथे फुली. कारण लिहायचं नाही. कारण लिहायला लागलं की वाचन थांबतं आणि वाचकाला जाणवणारा वेग हातून सुटतो.

यानंतरचं काम कादंबरीच्या दुरुस्तीत सगळ्यात मोलाचं आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त वेळा टाळलं जातं. प्रत्येक प्रसंगाची एक ओळ असा तक्ता करायचा. प्रसंग सरासरी १३०० शब्दांचा धरला तर साठेक ओळी होतात. रकाने असे: दिवस आणि वेळ, जागा, हजर पात्रं, कोणाच्या नजरेतून, कोणाला काय हवं होतं, शेवटी काय बदललं, शब्दसंख्या. यातला ‘काय बदललं’ हा रकाना सगळ्यात बोलका. तो भरता आला नाही, तर तो प्रसंग तिथे कशासाठी आहे याचं उत्तर द्यावं लागतं.

आपल्या कादंबरीचा तक्ता समजा असा निघाला. आठव्या प्रसंगात शेजारीण घराचा इतिहास सांगते, ११०० शब्द, बदललं काहीच नाही. त्यात उपयोगाची एकच माहिती आहे: कपाटाची किल्ली तिच्याकडे ठेवलेली होती. ती दोन वाक्यांत नवव्या प्रसंगात जाते आणि आठवा निघतो. चौदावा आणि एकोणिसावा, दोन्ही प्रसंगांत बहीण-भाऊ विक्रीवरून भांडतात आणि दोन्ही भांडणं तिथल्या तिथे विरतात. ते एक करायचे आणि त्या एकातून परत न फिरता येणारी गोष्ट घडवायची: भाऊ घराचे मूळ कागद घेऊन निघून जातो. बहीण घराच्या दारात पोचते तेव्हा २२ हजार शब्द होऊन गेलेत, म्हणजे चौथाईहून जास्त कादंबरी नुसत्या प्रस्तावनेत गेली. तिच्या नोकरीचे, प्रवासाचे प्रसंग कापून ती सातव्या-आठव्या हजाराला दारात यायला हवी.

तक्त्यावरून आणखी एक कसोटी लावता येते. लागोपाठच्या दोन प्रसंगांच्या मध्ये कुठलं जोड-अव्यय बसतं ते पाहा. ‘नंतर’ एवढंच बसत असेल तर घटना नुसत्या एकामागून एक येत आहेत. ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ बसलं तर एक घटना दुसरीला जन्म देते आहे. लागोपाठ पाच-सहा ठिकाणी ‘नंतर’ आलं की समासातल्या कंटाळ्याच्या आडव्या रेघा त्याच पट्ट्यात सापडतात.

तारखांसाठी स्वतंत्र दिनदर्शिका करावी. पात्रांची जन्मवर्षं, वार, ऋतू, गरोदरपणाचे महिने, पौर्णिमा-अमावास्या. मंगळवारी सुरू झालेलं बोलणं न झोपता गुरुवारी संपतं, अशा चुका वाचताना सुटतात आणि दिनदर्शिकेवर लगेच दिसतात.

कोणाच्या नजरेतून

निवेदक बदलणं ही दुरुस्तीतली सगळ्यात महागडी गोष्ट, म्हणून ती याच टप्प्यावर ठरवायची. रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीने ‘गुन्हा आणि शिक्षा’चा बराचसा तयार झालेला मजकूर १८६५ सालच्या नोव्हेंबरअखेरीस जाळून टाकला आणि नव्याने सुरुवात केली. आधीच्या खर्ड्यांत खून करणारा स्वतःच ‘मी’ म्हणून बोलतो. छापलेल्या कादंबरीत निवेदन तृतीयपुरुषी आहे, आणि म्हणून निवेदकाला त्याच्या डोक्यात शिरता येतं, तसं बाहेरही उभं राहता येतं.

हा बदल ‘मी’च्या जागी ‘ती’ घालून होत नाही. मराठीत तर यांत्रिक अदलाबदल चालतच नाही, कारण क्रियापदही बदलतं: ‘मी आले’चं ‘ती आली’ होतं, ‘माझी पिशवी’ची ‘तिची’ करायची की ‘आपली’ हे दर वेळी ठरवावं लागतं. त्याहून मोठा बदल माहितीचा. बहीण स्वतः सांगत असेल, तर भावाने कागद कुठे लपवले हे तिला कळेपर्यंत वाचकालाही कळता कामा नये. तृतीयपुरुषी निवेदनात ते आधीच सांगायची मुभा आहे, पण मग रहस्य जाऊन त्याच्या जागी धास्ती येते. दोन्हीतलं काय हवं ते ठरवायला दोन-तीन कळीचे प्रसंग दोन्ही रीतींनी लिहून पाहावेत. पाच-सहा हजार शब्दांची ही कसरत पुढचे कित्येक महिने वाचवते.

दुसरा खर्डा

रचना ठरली की दुसरा खर्डा शक्यतो नव्या, कोऱ्या फाइलमध्ये लिहावा. पहिला समोर ठेवून पुन्हा टंकलेखन करायचं, चिकटवायचं नाही. टंकताना प्रत्येक वाक्य बोटांतून जातं आणि नको असलेलं वाक्य टंकायचा कंटाळा येतो. तो कंटाळा उपयोगी पडतो. कापलेला मजकूर फेकायचा नाही, वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा. त्यातलं फारसं काही परत येत नाही, पण ते सुरक्षित आहे म्हटलं की कापताना हात थरथरत नाही.

या फेरीत प्रत्येक प्रसंगाची सुरुवात आणि शेवट तपासावा. पहिल्या खर्ड्यात प्रसंग फार लवकर सुरू होतात, दार वाजणं, पाणी आणून देणं, ख्यालीखुशाली. आणि उशिरा संपतात, म्हणजे घडायचं ते घडून गेल्यावर पात्र त्यावर विचार करत बसतं. पहिले आणि शेवटचे दोन परिच्छेद झाकून वाचा. अर्थ लागत असेल तर ते काढा.

संवादातून माहिती ओतणं ही या फेरीतली दुसरी मोठी चूक. ‘दादा, तुला माहीतच आहे की आई गेल्यावर बाबांनी हे घर आपल्या दोघांच्या नावावर केलं होतं.’ दादाला माहीत आहे, तर ती त्याला का सांगते आहे? ते वाक्य वाचकासाठी आहे, आणि वाचकाला ते कळतं. तीच माहिती अशीही येते:

‘कागदावर दोन सह्या लागतील.’

‘मग तुला एकच मिळेल.’

घर दोघांचं आहे हेही आलं आणि भांडणही पुढे गेलं.

सगळंच मात्र प्रसंगातून दाखवायला जाऊ नये. मधले तीन महिने काहीच हललं नसेल तर ‘पावसाळा संपला तरी कागद सापडले नाहीत’ एवढं पुरतं. ज्या क्षणी काही बदलतं तो क्षण दाखवायचा, बाकी सांगून मोकळं व्हायचं.

इतर वाचक आणि संपादक

दुसऱ्या खर्ड्यानंतर ३ ते ५ वाचक पुरेत. त्यांना ‘आवडली का?’ विचारलं तर हो म्हणण्यापलीकडे ते फारसं काही सांगू शकत नाहीत. वाचन कुठे थांबवलंत, कोणती दोन पात्रं एकमेकांत मिसळली, अमुक पानावर पुढे काय होईल असं वाटलं होतं, हे विचारावं. उत्तर ऐकताना समर्थन करायचं नाही, टिपून घ्यायचं. तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे काही तरी बिघडलं आहे हे नक्की. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र जसाच्या तसा घेऊ नये. ‘शेवट पटला नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा चौथ्या प्रकरणात असतं: भाऊ शेवटी सही करतो, पण तो बदलू शकतो याची चाहूल आधी कुठेच दिलेली नसते.

प्रकाशनगृहातला संपादकही असंच दाखवून देतो, फक्त जास्त नेमकं. अमेरिकी कादंबरीकार फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’चं हस्तलिखित वाचून मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाने नोव्हेंबर १९२४ मध्ये त्याला पत्र लिहिलं. मुख्य पात्र धूसर राहतं आणि त्याचं पूर्वायुष्य एका जागी सलग येतं, हे त्यातले दोन मुद्दे होते. फिट्झजेराल्डने मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी पानं, हातात आल्यावर तो भूतकाळ फोडून निरनिराळ्या प्रकरणांत पेरला. एप्रिल १९२५ मध्ये पुस्तक आलं. अमेरिकी लेखिका हार्पर ली हिच्या बाबतीत दुरुस्ती याहून खोल होती. तिच्या पहिल्या हस्तलिखितात मोठी झालेली मुलगी गावी परतते. टे होहॉफ या संपादिकेला त्यातल्या बालपणीच्या आठवणी जास्त जिवंत वाटल्या, आणि त्यातून पुन्हा पुन्हा लिहून १९६० साली ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ तयार झाली. मूळ हस्तलिखित २०१५ मध्ये वेगळं पुस्तक म्हणून छापलं गेलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर पुनर्लेखन म्हणजे काय हे दुसऱ्या कशाहीपेक्षा लवकर कळतं.

वाक्य

आता, आणि आताच, वाक्यं. मोठ्याने वाचायचं, दिवसाला २० ते २५ पानं. त्यापुढे कान थकतो आणि सगळंच बरं वाटायला लागतं. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं ओरडून वाचत असे, ते उगाच नाही. जीभ अडखळते तिथे बहुधा वाक्याचीच घडी चुकलेली असते.

मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘होता, होती, होतं’ यांची रांग लागते. नमुना पाहा:

‘तिला जाणवलं की खोलीत एक प्रकारचा कुबट वास येत होता. तिला दिसलं की कपाटाचं दार उघडं होतं. किल्ली खणात नव्हती हे तिच्या लक्षात आलं होतं.’

प्रसंग तिच्याच नजरेतून आहे, तेव्हा वास तिलाच आला आणि दार तिलाच दिसलं, हे वेगळं सांगायला नको:

‘खोलीत कुबट वास. कपाटाचं दार उघडं. खणात किल्ली नव्हती.’

अशी तुटक वाक्यंही सलग पानभर आली तर धाप लागते, म्हणून पुढचं वाक्य लांब हवं.

भूतकाळात मागे जाताना ‘आला होता, म्हणाला होता’ ही रूपं पहिल्या दोन-तीन वाक्यांपुरती वापरावीत. वाचक मागे पोचला की साध्या भूतकाळात यावं आणि परतताना वर्तमानाची एखादी ठळक खूण द्यावी. निवेदनात ‘केले’ लिहायचं की ‘केलं’ हे पहिल्याच पानावर ठरवावं. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच परिच्छेदात दोन्ही आली की दोन माणसं आलटून पालटून सांगताहेत असं वाटतं. बोली संवादात असेल, तर प्रत्येक पात्रासाठी पाच-सहा ठळक रूपं ठरवून यादी करावी. नाही तर पहिल्या प्रकरणात बोलीत बोलणारा माणूस दहाव्यात प्रमाणभाषेवर येतो.

प्रत्येक लेखकाच्या काही लकबी असतात. ‘अचानक’, ‘जणू’, ‘सुस्कारा’, ‘मान डोलावली’, ‘क्षणभर’ असे शब्द शोधसुविधेने मोजून पाहावेत. ८० हजार शब्दांत साठ सुस्कारे निघाले तर पाच ठेवावेत.

मुद्रितं

भाषिक संपादन करणारी व्यक्ती एक शैलीपत्रिका तयार करते: नावांची लेखनरूपं, वयं, नाती, जोडशब्द, ‘करतेय’ की ‘करते आहे’. तिच्या प्रत्येक शंकेवर लेखकाने ‘मान्य’, ‘मूळ ठेवा’ किंवा तिसरा पर्याय लिहायचा असतो. शंका अनुत्तरित ठेवली की ती मुद्रितात परत येते.

मुद्रितशोधनाच्या किमान दोन फेऱ्या हव्यात. ओळीखाली पट्टी धरून वाचायचं. शीर्षकं, पृष्ठक्रमांक, प्रकरणांचे अंक यांची फेरी वेगळी. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतली चूक दिसेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ आणि ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होणं तर नेहमीचं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘ऱ्य’, रफार आणि जोडाक्षरं यांवर खास नजर ठेवावी.

पानं लागल्यावर, म्हणजे पुस्तकाच्या पानांची मांडणी झाल्यावर, नवी वाक्यं घालू नयेत. एक ओळ वाढली की पुढची सगळी पानं सरकू शकतात. बदल टाळताच येत नसेल, तर काढलेल्या शब्दांइतक्याच लांबीचे शब्द घालावेत. दुरुस्त मुद्रित परत आलं की फक्त दुरुस्त केलेला शब्द पाहून भागत नाही. ती ओळ, तिच्या वरची आणि खालची ओळ, आणि प्रकरण संपेपर्यंत प्रत्येक पानाची पहिली-शेवटची ओळ जुन्या मुद्रिताशी ताडून घ्यावी. एक चूक सुधारताना दुसरी शिरते ती बहुधा या ओळींतच.